आंघोळीला गेलेत

सरकारने माझ्या डाव्या घोट्यावर पट्टा बांधला तेव्हा मी कुठलाही गुन्हा केलेला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. टोकियोतल्या निशी-कसाईत, म्हणजे आपल्या लोकांच्या वस्तीत, बातमी पसरायला वेळ लागत नाही. आपल्याकडच्या सामानाच्या दुकानात खालच्या खणातला कढीपत्ता काढायला वाकलो, पँट जरा वर सरकली, आणि दुसऱ्या दिवशी माझा मित्र धीरज याचा फोन आला. "काही लीगल हेल्प वगैरे लागली तर सांग रे," असं तो इतक्या हळू आवाजात म्हणाला की क्षणभर मलाच वाटलं, आपण काहीतरी केलं असावं.

पट्टा चाचणीचा होता. जपानमध्ये आरोपीला खटला संपेपर्यंत घरी राहायचं असेल तर कोर्टात रोख रक्कम ठेवावी लागते. पळाला तर ती जप्त होते, आणि ज्याच्याकडे रोकडच नाही तो आतच बसतो. सरकारच्या एका समितीला बघायचं होतं की रोकड न घेता माणूस सोडला तर काय होतं. पैशाऐवजी पायात पट्टा आणि घरातल्या एका माणसाचा शब्द, एवढ्यावर भागतं का? खऱ्या आरोपींवर हा प्रयोग करता येईना. पट्ट्याचं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं, म्हणून कंपनीतूनच खोटे आरोपी मागवले गेले. त्यांत बहुतेक आम्ही परदेशीच निघालो. असं का, म्हणून मी विचारलं, तर उत्तर मिळालं की परदेशी पासपोर्ट असलेला माणूस पळून जाण्याच्या दृष्टीने अधिक उपयुक्त असतो. यावर हसावं की रागवावं ते मला कळेना. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपत होतं.

नियम साधे होते. संध्याकाळी सहानंतर घरात राहायचं, आणि विमानतळाच्या आसपास फिरकायचं नाही. घरातल्या एका माणसाने देखरेख करायची. समितीने दिलेला फोन संध्याकाळी केव्हाही वाजेल, तेव्हा त्या माणसाने आरोपी घरात आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून सांगायचं. आमच्या घरात मी आणि माझी बायको सुचेता, दोघंच. मी आरोपी, म्हणजे देखरेख तिची.

सुचेता जपानला आली ती माझ्या व्हिसाला चिकटून. बँक असो, दवाखाना असो, एदोगावाचं वॉर्ड ऑफिस असो, सगळीकडे तिला विचारतात, नवऱ्याची सही कुठे आहे? कराडला ती शाळेत गणित शिकवायची, पोरं तिला टरकून असायची. इथं तिला कोणी काही विचारत नाही, याचा तिला मनापासून राग आहे. त्यात समितीचे मोरियामा-सान आमच्या घरी आले. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, बूट काढून कोपऱ्यात नीट लावणारे. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. सुचेतासमोर गुडघे टेकून बसले आणि सावकाश, तिला समजेल अशा जपानीत त्यांनी विचारलं, "तुम्ही तुमचा शब्द द्याल का?"

ती हो म्हणाली. ते वाकले, तीही वाकली. मी बाजूला चहाचा ट्रे धरून उभा होतो.

ते गेल्यावर मी थट्टा करायला गेलो, की आता जेलर बाई मला पोहे तरी देणार ना? ती हसली नाही. तिने मला तिच्या वडिलांची गोष्ट पुन्हा सांगितली. अर्धीमुर्धी मला माहीत होती, पूर्ण तेव्हाच ऐकली. दिगंबरराव एका गोदामात स्टोअरकीपर होते. पोती कमी भरली म्हणून त्यांच्यावर केस झाली. पुढे ते निर्दोष सुटले, पण ते फार पुढे. जामीन कोर्टाने लगेच दिला होता. पैसे भरायचे नव्हते, ऐपतीचा जामीनदार तेवढा हवा होता, सातबाऱ्यावर नाव असलेला कोणीही. आई आणि शाळकरी सुचेता नातेवाइकांची दारं पुजत फिरल्या. कोणी उभं राहिलं नाही. जामीन मिळालेला माणूस अख्खा उन्हाळा आत बसला, आणि बाहेर आला तो पुन्हा कधी मोठ्याने बोलला नाही.

"इथं नुसत्या शब्दावर माणूस सुटणार असेल ना," सुचेता म्हणाली, "तर हे पास झालं पाहिजे. मी माझा शब्द नीट देणार आहे."

तिने तो खरंच इतका नीट दिला की माझा जीव मेटाकुटीला आला. फोन वाजला की मी तिच्या शेजारी सोफ्यावर बसलेलो असलो तरी ती मला उठून उभं राहायला लावायची. नियमात म्हटलंय ना, डोळ्यांनी बघून? मग वरपासून खालपर्यंत बघून ती फोनमध्ये सांगायची की नवरा आहे, समोर आहे, वाटाण्याच्या शेंगा सोलतो आहे. शेंगांचा तपशील कोणी मागितलेला नसायचा. पलीकडून मोरियामा-सान आभार मानायचे, आणि ती दिवसभराची सगळी कामं फुकट गेली तरी चालेल अशा चेहऱ्याने फोन ठेवायची.

माझं मात्र काहीतरी बिघडायला लागलं होतं. पोलीस चौकीसमोरून जाताना मी मान खाली घालायला लागलो. कोनबिनीत, म्हणजे नाक्यावरच्या चोवीस तास चालणाऱ्या दुकानात, सुटे पैसे घेताना दोन्ही हात दिसतील असे पुढे करायला लागलो. कचरा वेगळा करताना प्लास्टिकच्या पिशवीत चुकून कागद गेला तर अख्खी पिशवी पुन्हा रिकामी करायला लागलो. मी खोटा आरोपी आहे हे मला पक्कं माहीत होतं, पण माझ्या पायाला ते माहीत नव्हतं.

अशात सासूबाई यायच्या ठरल्या. वीणाताई, वय सत्तरीच्या आसपास, परदेश पहिल्यांदाच. तिकीट पट्ट्याच्या आधीच काढलेलं होतं. विमान नारिताला शनिवारी संध्याकाळी उतरणार. सुचेताला फोन सोडून जाता येईना, मला विमानतळावर फिरकता येईना. सवलत मागायची तर आदल्या आठवड्यात अर्ज करायचा होता, आणि मी तो केला नव्हता. कारण धीरज म्हणाला होता, मी आणतो ना काकूंना, त्यात काय.

त्या शनिवारी संध्याकाळी धीरजचा फोन आला. पाण्याचं खोकं उचलताना त्याची कंबर धरली होती आणि तो जमिनीवर आडवा होता. त्याला उठवायला घरी कोणी नव्हतं, त्याची बायको दीप्ती पुण्याला गेलेली. सासूबाईंचं विमान तोवर उतरलं होतं. समितीच्या मदतीच्या नंबरवर फोन केला तर एक गोड आवाज म्हणाला की कार्यालय सोमवारी उघडेल. सासूबाईंच्या फोनला इथलं नेटवर्क नव्हतं. इंग्रजी त्यांना येत नाही, जपानी तर सोडाच.

सुचेताने आधी टेबलावरच्या फोनकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. ती जा म्हणाली नाही, थांबही म्हणाली नाही. मी विचार केला, अलार्म वाजेल, वाजू दे. सोमवारी सांगू की असं असं झालं. चाचणीच तर आहे. बूट घातले आणि निघालो. तिने काय सांगायचं हे काही आम्ही ठरवलं नाही. ते डोक्यातच आलं नाही.

विमानतळ जवळ आला तसा पट्टा आधी थरथरला, मग बारीक आवाजात टिवटिवायला लागला. गाडीत माझ्या शेजारच्या माणसाने स्वतःचा फोन तपासला. आगमनाच्या दाराबाहेर सासूबाई बाकावर ताठ बसल्या होत्या, मांडीवर गोड्या मसाल्याची पिशवी, जणू एसटी उशिरा येणार हे गृहीतच धरलं होतं. मला बघून त्यांचा जीव भांड्यात पडला, पण तसं त्यांनी दाखवलं नाही.

"गुणवंतराव, तुमच्या पायात काहीतरी वाजतंय," त्या म्हणाल्या.

ऑफिसचं आहे, असं मी सांगितलं. ते खरंच होतं. त्यांनी मान डोलावली आणि घरी येईपर्यंत पुन्हा विचारलं नाही.

घरी आलो तर सुचेता आईला मिठी मारून रडली, ते ठीक. पण मग ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि तिचा चेहरा पांढराफटक होता. फोन आला होता. मोरियामा-सानच होते. नवरा घरी आहेत का, असं त्यांनी विचारलं.

"मग तू काय सांगितलंस?"

"आंघोळीला गेलेत, म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "मी ठरवून नाही रे बोलले. तोंडातून निघूनच गेलं."

मला समजलं. आपल्याकडे हे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. फोनवर नको असलेला माणूस असला की घरातली बाई म्हणते, ते आंघोळीला गेलेत. माझे वडील आरामखुर्चीत पेपर वाचत बसलेले असायचे आणि त्यांच्या शेजारीच उभं राहून आई हे फोनमध्ये सांगायची, दिवसातून दोनदोनदा. त्याला कोणी खोटं बोलणं म्हणत नाही. विचारणाऱ्यालाही ते माहीत असतं आणि तोही बरं म्हणून फोन ठेवतो. सुचेताला हे वाक्य जपानीत म्हणायला विचारही करावा लागला नव्हता.

पण मोरियामा-सानना यातलं काहीच माहीत नव्हतं. कराडला संध्याकाळी आंघोळ केली तर लोक ताप आलाय का विचारतील. जपानमध्ये संध्याकाळी माणूस आंघोळीलाच जातो. त्यांनी तिचे आभार मानले होते.

सोमवारी मी ऑफिसला जाऊन सगळं सांगायचं ठरवलं होतं, पण त्याआधीच सकाळी दारावरची बेल वाजली. मोरियामा-सान आणि त्यांच्यासोबत एक तरुण अधिकारी, दोघेही काळ्या सुटात. मला वाटलं, आलेच न्यायला. ते दोघे दारातच कमरेत इतके वाकले की मला त्यांचे भांगच दिसले. मोरियामा-सान म्हणाले की आमच्या यंत्राने आपल्या पतींना स्नान करत असताना नारिताला दाखवलं, ही अत्यंत गंभीर चूक आहे, आणि आपल्या कुटुंबाला झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही मनःपूर्वक क्षमा मागतो. मग त्यांनी रेशमी कागदात गुंडाळलेली मिठाईची पेटी दोन्ही हातांनी सुचेताच्या पुढे धरली.

तिने ती घेतली. ते पुन्हा वाकले आणि गेले. सरकार आमची माफी मागून गेलं होतं, आमच्या खोट्याबद्दल. सासूबाईंनी पेटी उघडली, एक खाल्लं आणि गोड कमी आहे म्हणाल्या.

मी सुचेताला म्हटलं, आता गप्प बसू या. झालं ते बरंच झालं. तुझ्या शब्दापुढे मशीन खोटं ठरलं. तुला हेच तर हवं होतं ना? ती हो म्हणाली. थोड्या वेळाने नाही म्हणाली. मग म्हणाली, मला माहीत नाही. त्या पेटीतला एक तुकडाही तिने तोंडात घातला नाही.

ऑफिसमध्ये गेलो तर त्याहून मोठा घोळ वाट बघत होता. पट्टा चुकीची जागा दाखवतो ही तक्रार समितीकडून आमच्याच टीमकडे आली होती, आणि ती दूर करायचं काम माझ्याकडे आणि माझ्या ज्युनिअर पियुषकडे दिलं होतं. म्हणजे जी चूक नाही हे जगात फक्त मला आणि माझ्या बायकोला माहीत होतं, ती मी शोधून काढायची. पियुष नागपूरचा, कामाला वाघ. त्याने एक तर्क काढला की टबातल्या गरम पाण्यामुळे आणि वाफेमुळे सिग्नल परावर्तित होत असेल. त्याने ओजिमाच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये टब भरून पट्टा बुडवून बघितला. पट्ट्याने ओजिमाच दाखवलं. त्याने पाणी आणखी गरम केलं. तरी ओजिमाच. मग तो माझ्या घरी आला आणि माझ्या बाथरूमच्या दारात लॅपटॉप घेऊन बसला, आणि मी कपड्यांसकट टबात पाय सोडून बसलो.

"सर, त्या दिवशी तुम्ही साबण कोणता वापरला होता?" असं त्याने एकदा अगदी गंभीरपणे विचारलं. मी ब्रँड सांगितला. दुसरं काय करणार होतो? चूक सापडेपर्यंत रजा नाही असं वरून सांगितलं होतं, त्यामुळे पियुषने दिवाळीचं नागपूरचं तिकीट रद्द केलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

हे सगळं सासूबाई बघत होत्या. एका रात्री जेवताना त्यांनी विचारलंच, तो पोरगा तुमच्या न्हाणीघरात कसलं मशीन घेऊन बसतो हो? मी त्यांना सांगितलं, जरा मीठमसाला लावूनच. पट्टा, फोन, सुचेताचं उत्तर, मग मिठाई आणि साबण. त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांचं हसणं हळूहळू थांबलं.

"सुचे," त्या म्हणाल्या, "आपल्याला हेच सांगायचे गं सगळे."

सुचेताचा हात ताटातच थांबला.

सासूबाई माझ्याकडे वळून सांगायला लागल्या, अगदी साध्या आवाजात. ह्यांच्या जामीनदारासाठी फिरायचो ना आम्ही, तेव्हा ज्याच्या दारात जावं त्याची बायको बाहेर यायची आणि म्हणायची, ते आंघोळीला गेलेत. बसा म्हणायच्या नाहीत, जा म्हणायच्या नाहीत. आम्ही आपल्या पायरीवर बसायचो. दुपार व्हायची. आतून खोकल्याचा आवाज यायचा. "इतकी आंघोळ करणारी माणसं मी जन्मात पाहिली नाहीत," त्या म्हणाल्या आणि पुन्हा जराशा हसल्या.

"बाळासाहेबमामांच्या दारात त्यांच्या चपला होत्या," सुचेता म्हणाली. ती कोणाशी बोलत होती कोण जाणे. "आणि मोरीचं पाणी बाहेर यायचं ती नाली कोरडी होती. मी आईला दाखवली पण होती."

तिने ताट उचललं, उरलेला भात बाजूला काढला, भांडी घासली, ओटा पुसला. मग मला म्हणाली की उद्या सकाळी मी मोरियामा-सानकडे जाणार आहे, तुला यायचं असेल तर ये.

मी तिला खूप समजावलं. कॉन्ट्रॅक्टचं सांगितलं, व्हिसाचं सांगितलं. शेवटी म्हणालो, अगं, ज्यासाठी तू हे केलंस तेच बुडेल. घरातल्या माणसाचा शब्द खोटा निघाला असं लिहिलं जाईल, आणि पुढच्या सगळ्या आरोपींना रोकडच भरावी लागेल. त्यात तुझ्या बाबांसारखे किती असतील? हे ऐकून ती दिवा मालवून झोपायला गेली. मला वाटलं, पटलं. सकाळी उठून बघतो तर ती साडी नेसून तयार होती.

मोरियामा-सानच्या खोलीत टेबल, चार खुर्च्या आणि पाण्याचं यंत्र. आम्हाला बघून त्यांना वाटलं की मिठाईत काही दोष निघाला. त्यांनी तसं विचारलंसुद्धा. सुचेता उभीच राहिली. तिने जपानी वाक्यं रात्रीच जुळवून ठेवली होती, पण समोर आल्यावर ती सगळी विसरली असावी, कारण ती फारच साधं बोलली.

"त्या दिवशी माझे पती आंघोळीला गेले नव्हते. ते माझ्या आईला आणायला नारिताला गेले होते. मी खोटं बोलले. तुमचं यंत्र बरोबर आहे."

मोरियामा-सान तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. इतका गोंधळलेला माणूस मी आरशाबाहेर प्रथमच पाहत होतो. त्यांनी पाण्याचा पेला भरला, तिच्यासमोर ठेवला, आणि विचारलं, "पण हे कोणालाच कळलं नसतं. मग का सांगताय?"

"माझे वडील तुरुंगात होते तेव्हा लोकांनी आम्हाला दारातून हेच सांगितलं," ती म्हणाली. "मी शब्द द्यायला आले होते. त्यांच्यासारखी बोलले."

त्यांना किती समजलं, मला सांगता येत नाही. त्यांनी नियम सांगितला. देखरेख करणाऱ्याचा शब्द खोटा ठरला तर त्याची नेमणूक रद्द होते आणि आरोपीला चाचणीतल्या दुसऱ्या, रोकड भरणाऱ्यांच्या गटात टाकलं जातं. ते ठरवणार समिती, तोवर फोन घरीच राहील. मला त्यांनी माफीचं पत्र लिहायला सांगितलं. निरोप घेताना ते नेहमीसारखे वाकले, पण सरळ व्हायला त्यांना जरा जास्त वेळ लागला.

परतीच्या गाडीत मी तिच्या शेजारी बसलो. मला तिचा राग आला होता आणि अभिमानही वाटत होता, आणि यातलं कोणतं आधी होतं ते मला आजही सांगता येत नाही. ती खिडकीतून बाहेर बघत होती. एदोगावाच्या अलीकडे गाडी जमिनीतून वर आली, उजेड पडला, तेव्हा ती म्हणाली, "खोट्यावर पास झालं असतं तर पुढच्याच कोणीतरी पाडलं असतं." मग तिला रडू फुटलं. "पण आता माझ्यामुळे पडेल ना रे?" मी तिची पिशवी माझ्याकडे घेतली.

पियुषला त्याच दिवशी खरं सांगितलं. तो माझ्याकडे असा बघत राहिला की साबण त्याने तिथेच फेकून मारला असता तरी चाललं असतं. त्याचं तिकीट मी पुन्हा काढून दिलं, महागात पडलं, पण पडू दे. मॅनेजरने माझं माफीचं पत्र तीनदा परत पाठवलं, कारण त्यात पश्चात्ताप पुरेसा दिसत नव्हता.

फोन मात्र वाजेना. रोज संध्याकाळी सुचेता त्याच्या शेजारी बसायची. कोणी न्यायला आलं नाही आणि कोणी विचारायलाही आलं नाही. ती त्याच्यावरची धूळ पुसायची. चार्जिंग बघायची. सासूबाईंनी एकदा म्हटलं की बंद पडला असेल, तर ती त्यांच्यावर खेकसली. नेमणूक रद्द झाली हे सांगायलासुद्धा तिला कोणी फोन करावासा वाटत नाही, हे तिला सगळ्यात लागलं होतं. माझ्या पायातला पट्टा तसाच होता, आणि मी नक्की कोणत्या गटात आहे हे मला कोणीही सांगत नव्हतं.

सासूबाई आल्यापासून सकाळचं न्हाणीघर त्यांचं झालं होतं. आंघोळ, धुणं, मग वाळत घातलेल्या लुगड्याखाली उभं राहून देवाचं म्हणणं, हे सगळं आटपेपर्यंत माझी ऑफिसची वेळ व्हायची. म्हणून मी इथल्या लोकांसारखा संध्याकाळी टबात बसायला लागलो होतो. त्या संध्याकाळी मी गळ्यापर्यंत पाण्यात होतो, पट्ट्यासकट, आणि बाहेर तो फोन वाजला.

एकदाच वाजला असेल, सुचेताने उचलला. आवाज सगळा ऐकू येत होता, भिंती पातळ आहेत. मोरियामा-सानच होते. तिने नमस्कार केला. मग ती थांबली. मला कळलं की त्यांनी काय विचारलं असणार, आणि मला हेही कळलं की तिला आता काय सांगावं लागणार. टबात बसल्या जागी मला घाम फुटला.

"पती," सुचेता म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. "पती आंघोळीला गेलेत."

पलीकडे काहीच आवाज नाही. मग माझ्या बाथरूमच्या दारावर धाडधाड थापा पडल्या. फोन तसाच हातात घेऊन ती दाराशी आली होती. "गुणवंत, बोल काहीतरी," ती मराठीत म्हणाली, "मोठ्याने बोल, त्यांना ऐकू दे." मी पाण्यावर हात आपटले. तेवढंच जमलं.

आणि मग फोनमधून मोरियामा-सानचा आवाज आला. तिने स्पीकर लावला होता, म्हणून मलाही ऐकू आला. ते सावकाश, तिला समजेल अशा जपानीत बोलत होते.

"सुचेता-सान, ऐकवायची गरज नाही. तुम्ही सांगितलंत, मला पुरे आहे."

फोन बंद झाला. मी दार थोडं उघडून बघितलं. सुचेता दाराबाहेर जमिनीवर बसली होती, पाय पसरून, फोन मांडीत. सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि त्यांनी विचारलं, कोण होतं गं? काय म्हणाले?

"मी म्हटलं, आंघोळीला गेलेत," सुचेता म्हणाली. "ते म्हणाले, बरं."

सासूबाई तिच्या शेजारी भिंतीला टेकून खाली बसल्या. "हे असायला हवे होते आज," त्या म्हणाल्या. मी दार हळूच लोटून घेतलं आणि पाणी गार होईपर्यंत आतच बसून राहिलो.